बाबांच्या हाताचा डॉक्टर

"इथं सगळ्यांनाच कंप आहे का हो?"

एका अनोळखी माणसानं आमच्या दारात उभं राहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव, ना गाव! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना गल्लीतला चिखल, चष्म्यावर पावसाचे थेंब... आणि चेहऱ्यावर अशी काळजी, की जणू आमच्या घराला आग लागली आहे आणि मी आपली नारळ खवत बसले आहे.

"कोण पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं. माझा आवाज मुळातच फार गोड नाही. त्या दिवशी मी तो मुद्दाम आणखी खडूस केला.

"कोणी नाही. म्हणजे—मी घाटाघाटानं निघालो होतो, तर घाटच पाण्यात! म्हणून गल्लीत शिरलो, रस्ता चुकलो. तुमच्या खिडकीतून सहज आत बघितलं, तर सहा मुलं बसलीयत आणि सहाही जणांचा उजवा हात थरथरतोय. घरात पारा वगैरे ठेवता का? पाणी कुठलं पिता?"

"आम्ही घरात वेद ठेवतो," मी म्हटलं. "आणि पाणी गंगेचं पितो. अजून काही?"

तो हसला नाही. चप्पल काढून सरळ आत आला. मी खवणी तशीच टाकून मागे धावले.

आता हे सांगायला हवं. माझे बाबा, विश्वेश्वरशास्त्री, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत मुलांना यजुर्वेद शिकवतात. आमच्या शाखेत स्वर नुसते गळ्यातून काढून भागत नाही. उजव्या हातानंही दाखवावे लागतात. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. गुरूचा हात जसा जाईल तसाच शिष्याचा गेला पाहिजे, तिथं तसूभर चूक खपत नाही. आणि वाक्य संपलं की हात गुडघ्यावर येऊन थांबतो. तर गेलं वर्षभर बाबांचा तो थांबलेला हात थरथरत होता. वय झालं, असं आम्ही समजलो होतो. मुलं मात्र समजली होती, की हाही स्वरच आहे. बिचारी मन लावून, अगदी गुरुजींसारखी, गुडघ्यावर हात थरथरवत होती! मी रोज त्याच खोलीतून जा-ये करणारी. माझ्या लक्षात आलं नाही. आणि वाट चुकलेल्या माणसाला खिडकीतून दिसलं.

त्यानं बाबांना मूठ उघड-मीट करायला लावली, खोलीभर चालायला लावलं, हात कोपरातून हलवून बघितला. मग त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि हा कंपवात आहे, वयाचा दोष नाही, हे हळू आवाजात सांगितलं. बाबांनी त्यावर एवढंच विचारलं, "म्हणजे पोरं माझा आजार पाठ करतायत?"

बाबांच्या गुरूंनी, त्यांच्या गुरूंनी कानामात्रा न हलवता पुढं दिलेली विद्या... बाबांचा चेहरा मला बघवेना.

"नाही गुरुजी," तो म्हणाला. "हा कंप हात थांबला की येतो, चालला की जातो. तुमचा स्वर शुद्धच आहे. फक्त विराम चुकतोय. तेवढा मी दुरुस्त करून देईन."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला चहा दिला. आलं घालून!

"नाव काय म्हणालात?"

"म्हणालोच नाही. डॉक्टर सुश्रुत पांढरीपांडे. अमरावतीचा. इथं विद्यापीठाच्या हॉस्पिटलात शिकून राहिलो आहे."

"शिकून राहिलो! आणि आम्हा काशीकरांच्या मराठीला लोक हसतात. बरं, नाव सुश्रुत आणि काम डॉक्टरकी? घरच्यांनी बारशालाच ठरवलेलं दिसतंय."

"गंमत म्हणजे, सुश्रुत शस्त्रक्रियेचे आचार्य आणि मी सुरीला हात लावत नाही. मी न्यूरोलॉजीवाला. मेंदू, मज्जारज्जू, नसा..."

वरच्या माडीच्या खिडकीतून आमच्या शेजारीण शरदिनीकाकू ओरडल्या, "अगं बाई मधू! वेड्यांचा डॉक्टर आला की काय घरात?"

त्याचे कान लाल झाले. मला हसू आवरेना... आणि माझं हसू बघून त्यालाही.

दुसरा कुणी असता तर गोळ्या लिहून देऊन मोकळा झाला असता. पण बाबा म्हणाले, संध्या आटोपल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालणार नाही, मग गोळी कसली? यावर डॉक्टर चिडले नाहीत. कितीतरी दिवस सकाळी सायकलवरून यायचे आणि वर्गाच्या कोपऱ्यात बसून बाबांचा हात बघायचे. केव्हा स्थिर असतो, केव्हा सुटतो. त्यावरून त्यांनी सगळं बसवलं—संध्या झाली की गोळी, गोळीनंतर अर्ध्या तासानं पाठ, आणि दूध-दही त्याच्यानंतर, म्हणजे गोळी नीट लागू पडते. माझ्याकडे एकदा वळूनही बघायचे नाहीत त्या वेळी. आणि मी, मधुवंती, कन्याशाळेत संस्कृत शिकवणारी, आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी, दाराआड उभी राहून त्या बघणाऱ्या माणसाला बघायची. एका सकाळी पाठ संपला, बाबांचा हात गुडघ्यावर येऊन टेकला आणि शांत राहिला. बाबांनी हाताकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. संपलं माझं तिथंच.

मग थंडी पडली. पहाटेच्या दवात घुसळलेल्या दुधाच्या फेसाची मलइयो चौखंब्याच्या बाजूला मातीच्या कुल्हडात मिळायला लागली. मी शाळेत निघायची ती वेळ आणि डॉक्टर पाठ ऐकून निघायचे ती वेळ नेमकी एक यायला लागली. योगायोग म्हणायचं!

"मिशीला लागलंय," मी म्हणायची.

"कुठं?"

"सांगणार नाही. असेच जा वॉर्डात."

चालता चालता ते आपल्या धंद्याचं रडगाणं हसत हसत सांगायचे. "मुलगी बघायला गेलो होतो एकदा. मुलीचे वडील म्हणाले, न्यूरोलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएस नाही का? म्हटलं, एमबीबीएस झालं, एमडी झालं, आता त्याच्यावर डीएम चाललंय. तर म्हणाले, म्हणजे अजून शिकताच आहात! माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी बायकांच्या डॉक्टरनं गाडी घेतली, डोळेवाल्यानं घर बांधलं. धाकटा भाऊ बँकेत लागला, तो मला दिवाळीला शर्ट घेतो. एकतिसावं लागलं, मी सायकलवर."

"मग हीच विद्या का घेतलीत?"

"आवडते म्हणून," ते म्हणाले. मग थोडं थांबून— "पण आमच्याकडं कापाकापी नाही ना, म्हणून पैसा नाही. बलियाहून, आऱ्याहून माणूस येतो, आधी ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे जाऊन आलेला. मी तासभर तपासतो आणि शेवटी काय सांगतो? आजार जाणार नाही, गोळ्या चालू ठेवा. याची फी कोण आनंदानं देईल, तुम्हीच सांगा."

"मी देईन," मी म्हटलं. "अर्धा कुल्हड मलइयो."

"अर्धाच?"

"बाकीचा उधार."

अशाच एका सकाळी मी हिंमत करून विचारलं होतं, "बाबांना... किती वर्षं?"

"गोळ्या नीट घेतल्या, तोल सांभाळला, तर बारा. पंधरासुद्धा," ते म्हणाले. अभिमानानं म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी भररस्त्यात त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. समोरून म्हैस आली, तेव्हाच सुटला.

उन्हाळ्यात ते डीएम झाले. मी पेढे आणले, बाबांनी शाल दिली. आणि मग कळलं, की विभागात जागाच नाही. एक जागा होती, ती भरलेली. नवी कधी निघेल, सांगता येत नाही. निघाली तरी सरकारी लेक्चररचा पगार, आणि मेंदूचे फोटो काढायचं नवं यंत्र यायला अजून काही वर्षं.

"काशीतच दवाखाना टाकतो की!" ते मला म्हणाले. का म्हणाले, ते मला माहीत होतं. बाबांचा क्षेत्रसंन्यास त्यांना ठाऊक होता. आई गेली त्या वर्षी बाबांनी मणिकर्णिकेवर तो घेतला—मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. सख्ख्या भावाच्या लग्नालाही ते नाशिकला गेले नाहीत. मी एकुलती एक. बाबा सीमेच्या आत, म्हणून मीही आत. आणि माझ्यासाठी डॉक्टर.

भाड्याचा दवाखाना परवडेना, म्हणून ते एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत संध्याकाळचे बसायला लागले. पावसाळा गेला. एक दिवस बाबांच्या गोळ्या आणायला मीच तिथं गेले. आतून आवाज आला, "डाक्टर साहब, ज़रा ताक़त का भी कुछ लिख दीजिए." दुकानदार पडद्यातून डोकावून डॉक्टरांकडे बघत होता. डॉक्टरांनी लिहिलं. म्हातारी बाहेर आली, तिच्या हातात ती लाल टॉनिकची बाटली—जिला ते माझ्यासमोर कितीदा 'रंगीत पाणी' म्हणून हसले होते.

पडदा बाजूला झाला. मी दिसल्यावर ते उठले. बसले. परत उठले.

"लिहिलं नाही तर तो खोली देणार नाही," ते म्हणाले. "काय करणार..."

मी गोळ्या घेतल्या आणि निघाले. गल्लीभर डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. ज्या माणसानं बाबांचा हात बघायला इतक्या सकाळी बसून काढल्या, त्याला मी काय करून ठेवत होते?

मार्गशीर्षात मुंबईहून बोलावणं आलं. मोठं खासगी हॉस्पिटल, नवा न्यूरोलॉजी विभाग, सगळी यंत्रं, इथल्या पगाराच्या चौपट. त्यांनी मला भोसले घाटावर भेटायला बोलावलं. ऊन उतरत होतं, पायऱ्या अजून कोमट होत्या. मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवून आम्ही बसलो.

"तू चल," ते म्हणाले. पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

"आणि बाबा?"

"त्यांना घेऊन जाऊ. माझ्याच हॉस्पिटलात दाखवत जाऊ, मी रोज घरी असेन—"

"सीमा ओलांडायची नाही त्यांना."

"एकदा विचारून तर बघू, मधू. मी विचारतो. माझं ऐकतात ते."

"नाही! विचारायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

"का पण?"

मी मान हलवली. समोरून एक नाव गेली, नावाडी उगाचच आमच्याकडे बघून हसला.

"ठीक आहे. मग मी नाही म्हणून कळवतो. इथंच राहतो."

"लाल टॉनिक लिहीत?"

लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले होते मी.

"मग... मी जातो," ते म्हणाले. "पण लग्न करणार नाही. तू इथली सगळी कर्तव्यं कर, तुला कोणी अडवणार नाही. मी वाट बघीन. पाच वर्षं लागू देत, दहा लागू देत..."

"कशाची वाट?"

"अगं, म्हणजे... तू मोकळी होईपर्यंत—"

आणि त्यांचं वाक्य तिथंच तुटलं. डॉक्टर होते ना ते. आपण काय म्हणालो, ते त्यांना माझ्या आधी कळलं असेल.

"बाबांना ताप आला, म्हणून मी कळवीन," मी म्हटलं. "तेव्हा मुंबईत तुमच्या मनात काय येईल? गोळी वाढवून लिहाल तेव्हा काय येईल? तुम्ही फार चांगले आहात, तुमच्या मनात येणारसुद्धा नाही कदाचित. पण माझ्या येईल."

"तुझ्या? शक्यच नाही."

"आलंय." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "परवा बाबा उशिरापर्यंत झोपले होते. उठवायला गेले, तर हालचाल दिसेना. मी दारात उभी राहिले. आणि एक क्षण, सुश्रुत... एकच क्षण... मला वाटलं, आता मुंबईला जाता येईल."

ते माझ्याकडे वळून बसले.

"मग बाबा कुशीवर वळले. म्हणाले, मधू, किती वाजले गं? मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. अशी वाट मी बारा वर्षं बघायची? बाबांच्या घरात बसून? नको. वाट बघायचीच नाही. तुम्ही जा, लग्न करा, मोठे व्हा. तुम्ही कुणाचे झालात म्हणजे मला काही बघायचं उरणार नाही."

"आणि तुला... माझ्याबद्दल काहीच...?"

"अहो, काहीच काय? खूप आवडता तुम्ही मला! खिडकीतून पोरांचे हात बघून घरात घुसलात, त्या दिवसापासून आवडता. वेडे आहात का, हे विचारायला?" आणि मग मला रडू आलं, इतकं की मला पुढचं बोलताच येईना. त्यांनी मधलं अंतर ओलांडलं. माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसले. ऊन गेलं, पायऱ्या गार पडल्या, तरी ते सोडेनात. शेवटी मीच सोडवला.

जायच्या दिवशी दुपारी ते बाबांचा निरोप घ्यायला आले. गोळ्यांच्या वेळा, पुढं त्रास झाला तर हॉस्पिटलात कुणाला भेटायचं, सगळं मला नीट समजावून सांगितलं. 'तुम्ही' म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "मुंबईला जाताय, खूप कमवा. संकोच करू नका. इतकी वर्षं शिकलात, आता घरच्यांना सुख द्या."

डॉक्टर वाकले. बाबांच्या पायांवर डोकं टेकवून जरा जास्तच वेळ राहिले. उठले तेव्हा चष्मा काढून पुसत होते.

"गुरुजी, एक मागायचं आहे. तुम्ही खूप जगायचं. माझ्या पुस्तकातली सगळी वर्षं खोटी पाडायची. वीस वर्षं, पंचवीस वर्षं. मी तिकडून विचारत राहीन, आणि दर वेळी मला कळलं पाहिजे, की गुरुजी पाठ घेतायत."

बोलताना ते बाबांकडेच बघत होते. पण ते मला सांगत होते—की माझ्या मनातही तसलं काही कधी येणार नाही, मधू. आपल्या प्रेमाची आशा कुणी अशी सोडून दिली असेल का कुणासाठी? मी चौकटीला धरून उभी राहिले. ते माझ्याजवळून गेले, क्षणभर थांबले... आणि गेले. रिक्षाची घंटी वळणापर्यंत ऐकू आली.

मी आत येऊन तांदूळ निवडायला बसले. ताटात खडा आहे की तांदूळ, काही दिसत नव्हतं. बाबा पाटावर बसले होते. माझ्याकडे बघत होते.

"मधू, त्या मुलानं तुला मागितलं होतं का?"

मी मान खाली घातली.

"आणि तू माझ्यापायी नाही म्हणालीस?"

"बाबा, जाऊ द्या ना आता..."

"मला एका शब्दानं विचारायचंस तरी. शास्त्रात प्रायश्चित्त असतं गं प्रत्येक गोष्टीला. एवढा मोठा निर्णय, आणि बापाला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात," मी म्हटलं.

मुंबईच्या एखाद्या इमारतीत, कुठल्यातरी मजल्यावर, गंगा नाही, मणिकर्णिका नाही, आई जिथं गेली ती जागा नाही, आणि एक म्हातारा रोज माझ्याकडे बघून हसतोय, मला वाईट वाटू नये म्हणून... हे सगळं मी कितीदा डोळ्यांपुढं आणलं होतं. आता बहुतेक बाबांनीही आणलं.

"हो," ते म्हणाले. "म्हणालो असतो."

मग पाट सरकवत, भिंतीचा आधार घेत ते माझ्याजवळ आले. ताट माझ्या पुढून बाजूला केलं.

"रड," म्हणाले. "पोटभर रड. मी आहे इथंच."